वढू, पाबळ आणि मराठी कादंबरीतले मृत

मराठी साहित्याने ज्या मृत व्यक्तींना पुन्हा पुन्हा बोलते केले, त्यांतल्या दोघांच्या समाध्या पुणे जिल्ह्यातल्या एकाच तालुक्यात आहेत. छत्रपती संभाजी महाराजांची समाधी शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला आहे आणि बाजीराव पेशव्यांची सहचारिणी मस्तानी हिची त्याच तालुक्यातल्या पाबळला. दोघांच्या मृत्यूंमध्ये ५१ वर्षांचे अंतर आहे. एकाचा अंत शत्रूच्या भरल्या छावणीत झाला आणि त्याची नोंद दरबारी लेखकांनी करून ठेवली. दुसरीचा अंत कसा झाला आणि कोणत्या दिवशी झाला, हे निर्विवादपणे सांगणारा कागद उपलब्ध नाही. तरीही आजच्या मराठी माणसाच्या मनात दोघांचेही चेहरे, बोलणे, रागलोभ पक्के बसलेले आहेत. ते तिथे बसवले कादंबरीकारांनी, नाटककारांनी आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या मालिका-चित्रपटांनी. इतिहासग्रंथांचा त्यातला वाटा फार थोडा आहे. समकालीन कथन मृतांशी कसे वागते, हे पाहायला म्हणूनच या दोन गावांपासून सुरुवात करणे योग्य ठरते.

ललित साहित्यात मृत माणूस अनेक वाटांनी येतो. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांत तो भय घेऊन येतो. सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण' या १९७४ च्या नाटकात मेलेले भाऊराव स्वतःच कीर्तनकाराच्या ढंगात आपल्या मरणाचे आख्यान लावतात. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त (१९६३) धाकट्या बहिणीचा मृत्यू कथानायकाला आतून मोडतो. अण्णा भाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेत प्रेत हे भुकेल्या माणसाच्या रोजीरोटीचे साधन होते. हे सगळे मृत लेखकांनी घडवलेले आहेत. त्यांचे वारस न्यायालयात जात नाहीत, त्यांच्या नावाने मोर्चे निघत नाहीत. ऐतिहासिक कादंबरीतला मृत माणूस मात्र एके काळी खरोखर जगलेला असतो. त्याची समाधी असते, वंशज असतात, त्याच्याविषयी कागद असतात आणि ते अपुरे असतात. लेखकाच्या स्वातंत्र्याची खरी कसोटी लागते ती इथे.

संभाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांची समकालीन माहिती मुख्यतः मोगल बाजूच्या लेखकांकडून मिळते. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरला मुकर्रबखानाने त्यांना त्यांचा सल्लागार कवी कलश याच्यासह पकडले. तिथून त्यांना भीमेकाठच्या बहादूरगडावर, म्हणजे आजच्या श्रीगोंदा तालुक्यातल्या पेडगावला, औरंगजेबाच्या छावणीत नेण्यात आले. पेडगावसमोर नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. विदूषकी टोपी घालून, उंटावर बसवून त्यांची धिंड काढण्यात आली, पुढे डोळे काढण्यात आले आणि ११ मार्च १६८९ रोजी त्यांचा वध झाला. जदुनाथ सरकारांनी मोगल साधनांच्या आधारे वधाची जागा भीमेकाठचे कोरेगाव अशी दिली आहे, तर मराठी परंपरा भीमा-इंद्रायणीच्या संगमावरचे तुळापूर सांगते. वढू बुद्रुक या दोन्ही ठिकाणांपासून जवळ आहे. कैदेपासून वधापर्यंतचा काळ जेमतेम ४० दिवसांचा आहे आणि फारसी तवारिखांत त्याला मिळालेली जागा थोड्याच पानांची आहे. महाराज आणि औरंगजेब समोरासमोर आले तेव्हा काय बोलणे झाले, कैदेत त्यांच्या मनात काय चालले होते, कवी कलशाने त्यांना काय धीर दिला, याबद्दल खात्रीने सांगता येईल असे फारच थोडे आहे. नाटककार, कादंबरीकार आणि पटकथाकार ज्या प्रसंगांवर सर्वाधिक मेहनत घेतात, ते हेच प्रसंग आहेत.

महाराजांची जी प्रतिमा एकोणिसाव्या शतकापर्यंत पोचली ती त्यांना अनुकूल नव्हती. मल्हार रामराव चिटणीसांची बखर साताऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे मृत्यूनंतर सुमारे १२० वर्षांनी लिहिली गेली. मल्हार रामराव हे बाळाजी आवजी चिटणीसांच्या वंशातले होते आणि बाळाजी आवजींना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये देहदंड दिला होता. ही पार्श्वभूमी लक्षात न घेता ती बखर अनेक वर्षे आधार मानली गेली. रंगभूमीने तिच्यातला उतावळा, विलासी, कुणाचे न ऐकणारा राजा उचलला. विष्णु हरि औंधकरांच्या नाटकाचे 'बेबंदशाही' हे नावच पुरेसे बोलके आहे. राम गणेश गडकऱ्यांचे 'राजसंन्यास' अपुरे राहिले, पण त्यातला संभाजी भाषेच्या वैभवामुळे लोकांच्या ओठी राहिला. 'थोरातांची कमळा' ही प्रेमकथा नाटक-सिनेमांतून गाजली. समकालीन कागदपत्रांत तिला आधार सापडत नाही. बखरीतला मजकूर थोडा होता आणि रंगभूमीने तो शतगुणित केला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

हे चित्र पालटले ते आधी संशोधनाने. वा. सी. बेंद्रे यांनी कित्येक वर्षे साधने गोळा करून १९६० मध्ये 'छत्रपती संभाजी महाराज' हा चरित्रग्रंथ प्रसिद्ध केला. वढूच्या समाधीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. कमल गोखले यांचा 'शिवपुत्र संभाजी' हा प्रबंध १९७१ मध्ये आला. या अभ्यासांतून एकाच वेळी मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी नऊ वर्षे झुंजणारा, संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणारा राजा पुढे आला. वसंत कानेटकरांनी 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२) आणि 'इथे ओशाळला मृत्यू' (१९६८) या नाटकांतून त्याला रंगमंचावर आणले. पहिल्यातला संभाजी काशिनाथ घाणेकरांनी केला. शिवाजी सावंतांची 'छावा' १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि विश्वास पाटील यांची 'संभाजी' २००५ मध्ये. सावंतांची शैली अलंकारांनी जडवलेली आणि भावनेने ओथंबलेली आहे. पाटलांची नजर प्रसंग उभा करण्याकडे आणि युद्धाच्या हालचालींकडे अधिक जाते. मार्ग वेगळे असले तरी दोघांनाही बखरीने डागाळलेल्या राजाला न्याय द्यायचा होता. तो त्यांनी दिला, हे मान्यच करायला हवे. आज वढूला येणारा माणूस ज्या आदराने समाधीपुढे उभा राहतो, त्यामागे या पुस्तकांचे ऋण आहे.

कादंबरीकार हे काम कसे करतो, हे समजून घेण्यासारखे आहे. त्याची पहिली अडचण ही की वाचकाला शेवट आधीच ठाऊक असतो. 'संभाजीचे पुढे काय होणार' या उत्सुकतेवर कादंबरी चालवता येत नाही. म्हणून लेखक शेवटाची सावली सुरुवातीपासून पसरवतो. दोन वर्षांच्या वयात आई सईबाईंचा मृत्यू, नवव्या वर्षी वडिलांबरोबर आग्र्याची कैद, हे प्रसंग पुढच्या कैदेचे आणि मृत्यूचे पूर्वसूचन ठरतात. १६६६ चा तो मुलगा आग्र्यात असताना स्वतःला हुतात्मा समजत नव्हता, पण कादंबरीत त्याचे सारे बालपण तुळापूरच्या दिशेने चालू लागते. जिवंत माणसाला जे कधीच लाभत नाही, ते कादंबरी मृताला देते. त्याच्या आयुष्याला एक सरळ अर्थ मिळतो आणि त्या बदल्यात त्याच्या वाट्याला आलेले योगायोग, चुकलेले निर्णय, नुसते वाया गेलेले दिवस हरवतात.

दुसरे साधन म्हणजे स्वगत. पत्रे, महजर, जमाखर्च यांतून माणसाने काय केले ते कळते, त्याच्या मनात काय होते ते क्वचितच कळते. कादंबरीचा मोठा भाग मात्र मनातल्या बोलण्यानेच व्यापलेला असतो. मोगल सरदार दिलेरखानाकडे संभाजी महाराज १६७८ मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी परत आले, ही घटना झाली. ते का गेले याला प्रत्येक लेखकाने वेगळे उत्तर दिले आहे. कुणी घरातला छळ दाखवला, कुणी तारुण्यातला अविचार, कुणी पिता-पुत्रांनी ठरवलेला डाव. या उत्तरांतूनच प्रत्येकाचा संभाजी ठरतो, म्हणजे सगळ्या व्यक्तिचित्राचा भार कागद गप्प आहेत त्या जागेवर पडतो.

तिसऱ्या गोष्टीकडे मात्र समीक्षेने द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. एका मृताला वर उचलायचे तर कथेला दुसऱ्या कुणाला तरी खाली बसवावे लागते. संभाजी महाराजांवरचा डाग पुसला जाताना तो नाहीसा झाला नाही. तो इतर मृतांच्या अंगावर गेला. बखरीत सारा दोष 'कलुषा कब्जी'च्या माथी होता. तोच कवी कलश आजच्या कथनात जिवाला जीव देणारा मित्र आणि कवी झाला आहे आणि हा बदल न्याय्यही आहे, कारण त्याने धन्याबरोबर मरण पत्करले. पण बखरीने त्याच्या खांद्यावर ठेवलेले ओझे कुणीतरी घ्यायलाच हवे होते. ते महाराजांच्या सावत्र आई सोयराबाईंवर, अष्टप्रधानांतल्या काही जणांवर आणि महाराजांच्या पत्नी येसूबाईंचे बंधू गणोजी शिर्के यांच्यावर गेले. संगमेश्वरची खबर मोगलांना कोणी दिली याविषयी परंपरा बोलते, पण निर्णायक पुरावा देत नाही. कथेला मात्र 'परंपरेनुसार' हा शब्द वापरता येत नाही. पडद्यावर एका माणसाला खानाच्या तंबूत जावेच लागते आणि त्या माणसाला चेहरा व नाव असावेच लागते.

लक्ष्मण उतेकर यांचा 'छावा' हा हिंदी चित्रपट सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. तो १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा हा प्रश्न उघड झाला. प्रदर्शनापूर्वीच महाराजांच्या नृत्याच्या दृश्यावर आक्षेप आला आणि ते दृश्य काढण्यात आले. प्रदर्शनानंतर शिर्के घराण्यातल्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणाला हरकत घेतली आणि दिग्दर्शकांनी त्यांची क्षमा मागितली. त्याच वर्षी मार्चमध्ये औरंगजेबाच्या खुलताबादच्या कबरीवरून वातावरण तापले, नागपुरात दंगल झाली आणि त्यासंबंधीच्या चर्चेत या चित्रपटाचे नाव विधानसभेतही घेतले गेले. त्याआधी, जानेवारी २०१७ मध्ये, पुण्यातल्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा 'राजसंन्यास'मधल्या चित्रणाचे कारण देऊन उखडून नदीत टाकण्यात आला होता. गडकरी १९१९ मध्येच वारले होते. एका मृताचे चित्रण केल्याची शिक्षा दुसऱ्या मृताला देण्याचा तो प्रकार होता आणि तो अत्यंत दुर्दैवी होता. नाटकाला उत्तर द्यायचे असेल तर बेंद्रे आणि गोखले यांनी दाखवलेला रस्ता खुला होता.

कायद्यानेही मृतांच्या अब्रूचा विचार केलेला आहे, हे अनेकांना माहीत नसते. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ च्या पहिल्या स्पष्टीकरणानुसार, जी गोष्ट जिवंतपणी बदनामीकारक ठरली असती आणि जी नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने सांगितली गेली, ती मृत व्यक्तीविषयी असली तरी बदनामी ठरू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम ३५६ मध्ये आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजाबाबत अशी तक्रार न्यायालयात कितपत टिकेल हा वेगळा प्रश्न आहे, पण लेखकाच्या टेबलावर त्याची छाया पडतेच. त्यामुळे सोपा खलनायक निवडण्याकडे कल वाढतो. ज्याचे वंशज संघटित नाहीत किंवा ज्याला वंशजच नाहीत, तो मृत सर्वांत असुरक्षित ठरतो.

दूरचित्रवाणीने या सगळ्याला आणखी एक परिमाण दिले. 'स्वराज्यरक्षक संभाजी' ही मालिका २०१७ ते २०२० या काळात रोज घराघरांत पाहिली गेली. तिच्यात संभाजी महाराजांची भूमिका करणारे डॉ. अमोल कोल्हे मे २०१९ मध्ये, मालिका चालू असतानाच, शिरूर लोकसभा मतदारसंघातून निवडून आले. वढू बुद्रुक ज्या शिरूर तालुक्यात आहे, तोच या मतदारसंघाला नाव देतो. वाचक कादंबरीतल्या मृताला आपापल्या कल्पनेतला चेहरा देत असतो, मालिकेतल्या मृताला मात्र एकच चेहरा असतो आणि तो जिवंत असतो.

या गदारोळात येसूबाई मागे पडतात. रायगड पडल्यावर त्या बाल शाहूंसह मोगलांच्या कैदेत गेल्या आणि १७१९ मध्ये सुटल्या. जवळजवळ तीस वर्षांची ती कैद ४० दिवसांच्या कैदेपेक्षा कमी करुण नाही. पण कादंबरीला आणि विशेषतः चित्रपटाला वध रंगवता येतो, तीस वर्षे तग धरणे रंगवता येत नाही. मराठी लेखकांनी हा विषय अजून त्याच्या योग्यतेप्रमाणे हाताळलेला नाही, असेच म्हणावे लागते.

पाबळची गोष्ट याच्या उलट टोकाची आहे. तिथे कागद फार थोडे बोलतात. मस्तानी बुंदेलखंडच्या छत्रसालाची मुलगी होती, असे एक परंपरा सांगते. १७२९ मध्ये महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून बाजीरावांनी छत्रसालाला सोडवले, त्यानंतर ती पुण्यास आली. दुसऱ्या कथा तिला कलावंतीण ठरवतात. शनिवारवाड्यात तिचा महाल होता. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे तिला इनाम दिलेली होती. १७४० च्या आरंभी बाजीराव मोहिमेवर असताना त्यांचे पुत्र नानासाहेब आणि बंधू चिमाजीआप्पा यांनी तिला पुण्यात अटकेत ठेवले. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडी इथे बाजीराव वारले आणि त्यानंतर लवकरच मस्तानीही गेली. कुणी विष म्हणतात, कुणी शोक. तिचे दफन पाबळला झाले. गावात तिची गढी होती. तिच्या अंत्यस्थानाला कुणी समाधी म्हणते, कुणी मजार.

एवढ्या थोड्या सामग्रीवर ना. सं. इनामदारांनी १९७२ मध्ये 'राऊ' लिहिली. तिचे मोठेपण असे की तिने मस्तानीला पेशवाईच्या इतिहासातल्या कुजबुजीतून बाहेर काढून घरातली माणूस केले. बाजीरावांच्या आई राधाबाई, पत्नी काशीबाई, चिमाजीआप्पा, नानासाहेब आणि मस्तानी हे सगळे एकाच छताखाली आपापल्या परीने दुखावले जातात, हे तिथे दिसते. दोषाची वाटणी तिथेही होतेच, पण इनामदार धर्मशास्त्र, कुळाचार आणि राजकारण यांचा दाब इतका नीट उभा करतात की विरोध करणारी माणसेही समजून घेता येतात. याच लेखकाने औरंगजेबावर 'शहेनशहा' लिहिली, ही गोष्ट इथे आठवणे उपयोगी आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने जो सर्वांत मोठा शत्रू, त्याच्याही मनात शिरण्याचे धाडस त्यांनी केले. ज्या मृताची बाजू घेणारे कुणी नाही त्याचेही ऐकून घेणे, ही ऐतिहासिक कादंबरीची सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाची कामगिरी आहे.

द. ग. गोडसे यांचे 'मस्तानी' हे पुस्तक १९८९ मध्ये आले. चित्रकार, नेपथ्यकार आणि कलासमीक्षक असलेल्या गोडशांनी मस्तानीभोवतीच्या दंतकथा तपासून कागद काय म्हणतात याचा शोध घेतला. कादंबरीनंतर असे पुस्तक यावे, हा क्रम अगदी निरोगी म्हटला पाहिजे. पण लोकांपर्यंत पोचला तो डिसेंबर २०१५ मधला संजय लीला भन्साळी यांचा चित्रपट. त्याने 'राऊ'चा आधार घेतला आणि काशीबाई व मस्तानी यांना एकत्र नाचवले. त्यावर पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला. त्याहून मोठा बदल शेवटात आहे. रावेरखेडीला बाजीराव आणि पुण्यात बेड्यांतली मस्तानी जणू एकाच क्षणी प्राण सोडतात. ती कशी आणि नेमकी कधी गेली हे अनिश्चित असल्यामुळेच हा शेवट शक्य झाला. चित्रपट तिथे संपतो आणि पाबळपर्यंत जात नाही. मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर पानिपताच्या युद्धात लढला आणि १७६१ मध्ये तिथल्या जखमांनी वारला. त्याच्या वंशजांनी पुढे बांद्याचे राज्य चालवले. प्रेमकथेच्या चौकटीत हा पुढचा भाग बसत नाही, म्हणून बहुतेकांना तो ठाऊकही नाही.

एका मृताला वर उचलताना दुसऱ्याला खाली बसवण्याची रीत इंग्रजीतही दिसते. रॉबर्ट बोल्ट यांच्या १९६० च्या 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' या नाटकात सोळाव्या शतकातला इंग्लंडचा मंत्री थॉमस मोर हा सद्सद्विवेकाचा पुतळा आहे आणि त्याचा समकालीन थॉमस क्रॉमवेल कारस्थानी. हिलरी मँटेल यांनी २००९ च्या 'वुल्फ हॉल'मध्ये क्रॉमवेलच्या बाजूने पाहिले. तो माणसात आला आणि मोर कठोर, छळ करणारा दिसू लागला. त्यावर इंग्लंडमध्ये बरीच टीका झाली. मँटेल यांनी २०१७ मध्ये बीबीसीवर रीथ व्याख्याने दिली, त्यांचा विषयच ऐतिहासिक कथन आणि मृतांशी असलेले आपले नाते हा होता. त्यांच्या कादंबऱ्यांत आणि मराठी कादंबऱ्यांत एक फरक मात्र ठळक आहे. मँटेलचा क्रॉमवेल नायक असूनही निर्दोष नाही. तो लाच घेतो, माणसांना फासावर पाठवतो आणि तरीही वाचक त्याला सोडत नाही. मराठी लेखकाला आपल्या नायकाला एखादी चूक करू देण्याचीही भीती वाटते. ही भीती समाजाने निर्माण केली आहे आणि तिच्यामुळे कादंबरीचे नुकसान झाले आहे. मग कधीच न चुकणारा संभाजी समजून घेण्याचा विषय राहत नाही, तो फक्त पूजेचा विषय होतो.

मृतांच्या कथनावरून किती खोल दुखणी उठू शकतात, हे वढूनेच दाखवले. महाराजांच्या देहाचे अंत्यसंस्कार कोणी केले याविषयी गावात वेगवेगळ्या परंपरा सांगितल्या जातात. एका परंपरेत शिवले घराण्याचे नाव येते, दुसरीत गोविंद गोपाळ महार यांचे. गोविंद गोपाळ यांची समाधीही वढूमध्ये आहे. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस याविषयीच्या फलकावरून वाद झाला आणि १ जानेवारी २०१८ रोजी जवळच्या कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला. भीतीने गप्प बसलेल्या मुलखात बादशहाचा रोष पत्करून कुणीतरी एका राजाच्या देहाचा मान राखला, ही मूळ घटना दोन्ही परंपरांत एकच आहे. एखाद्या मोठ्या कादंबरीला पुरेल इतका तो विषय आहे. तो लिहिताना कुठल्याही एका घराण्याचा किंवा जातीचा वाटा पुसून दुसऱ्याला देण्याची गरज नाही.

याच परिसरात असेही मृत आहेत ज्यांना कथाच मिळाली नाही. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला पेशव्यांच्या सैन्याशी तिची गाठ पडली. कंपनीच्या बाजूने पडलेल्या सैनिकांची नावे तिथल्या जयस्तंभावर कोरलेली आहेत. त्यांत महार सैनिकांची अनेक नावे आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले आणि त्या नावांना नवा अर्थ मिळाला. पण त्या शिपायांची घरे कुठली, मागे कोण राहिले, हे सांगणारी गाजलेली कादंबरी मराठीत नाही. पेशव्यांच्या बाजूने पडलेल्यांची तर नावेही कुठे कोरलेली नाहीत.

लोकांच्या स्वतःच्या कथनाची रीत यापेक्षा निराळी आहे आणि तिचे उदाहरण शिरूर गावातच आहे. १८०९ मध्ये तिथे वारलेल्या कर्नल वॉलेस या इंग्रज अधिकाऱ्याच्या थडग्याला आसपासचे लोक 'सत्पुरुष' मानून धूप दाखवत, सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य ठेवत, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातल्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये आहे. तो कोण होता, कोणासाठी लढला, याची चौकशी भक्तांनी केली नाही. एका माणसाला मोठे करताना त्यांनी दुसऱ्या कुणालाही दुष्ट ठरवले नाही. लिहिणाऱ्या माणसाला तेवढे सोपे जात नाही, कारण त्याच्या कथेत संघर्ष लागतो आणि संघर्षाला दोन बाजू लागतात.

ऐतिहासिक कादंबरी कमी प्रतीची म्हणून बाजूला सारण्याचे कारण नाही. ती लिहिली गेली नसती तर बखरीतला संभाजी आणि कुजबुजीतली मस्तानी लोकांच्या मनात अजून तशीच राहिली असती. तिच्याकडून दोन गोष्टी मात्र मागायला हव्यात. पुस्तकाच्या शेवटी लेखकाने कोणते प्रसंग आणि पात्रे कल्पित आहेत आणि कोणत्या गोष्टी केवळ परंपरेवर आधारलेल्या आहेत, हे चार पानांत स्पष्ट सांगावे, आणि चित्रपटाने ते सुरुवातीच्या झरझर सरकणाऱ्या अक्षरांत न लपवता सांगावे. खलनायक निवडताना, ज्याची बाजू घ्यायला आज कुणी उरलेले नाही त्याला अधिक सावधपणे न्याहाळावे.

बाकीचे काम वाचकांचे आणि ग्रंथालयांचे आहे. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या सार्वजनिक वाचनालयांनी आणि शाळांनी 'छावा' आणि 'संभाजी'शेजारी बेंद्रे आणि कमल गोखले यांची चरित्रे ठेवावीत, 'राऊ'शेजारी गोडशांचे 'मस्तानी' ठेवावे आणि मुलांना दोन्ही एकत्र वाचायला द्यावीत. वढू, तुळापूर आणि पाबळ ही ठिकाणे या मुलांना शाळेच्या एका दिवसाच्या सहलीत पाहता येतात.